रेव्हरंड टिळक आणि त्यांचं घर

मंडळी, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव काढलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांना शाळेतली ती घायाळ पक्षीण आठवते. ‘केवढे हे क्रौर्य!’ ज्यांनी तेव्हा पाठ केली, त्यांना आज नातवंडं झाली तरी ती म्हणता येते. कवी म्हणून टिळकांवर पुष्कळ बोललं गेलं आहे. मला आज पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, टिळकांविषयी आणि त्यांच्या घराविषयी बोलायचं आहे. त्यांच्या पाळकपणाचा खरा कस त्यांच्या घरात लागला, असं मी मानतो.

जन्म 6 डिसेंबर 1861चा, दापोली तालुक्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणांचं. 1880च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका लग्न होऊन या घरात आली आणि लक्ष्मी झाली. तेव्हा ती जेमतेम अकरा वर्षांची होती. टिळक तापट, मनस्वी. मनात आलं की न सांगता घराबाहेर पडणारे. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते लक्ष्मीबाईंमुळे. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी नवऱ्याचा राग लपवला नाही, आणि त्याच्यावरची माया तर त्याहून लपवली नाही.

1893 साली रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी टिळकांची गाठ पडली. त्याने त्यांना बायबलमधल्या नव्या कराराची प्रत दिली. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक थांबले, ते तिथेच गुंतले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळात ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता, हे आज नीट कळणं कठीण आहे. जिवंत नवरा घराला मेल्यासारखा होई. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला, म्हणजे मुलगा देवदत्तला, घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. चार-पाच वर्षं दोघं वेगळी होती.

या वर्षांपाशी मला जरा थांबायचं आहे. टिळक पत्नीला पत्रं लिहीत, कधी कवितेत. परत ये म्हणत. पण माझा धर्म घे, अशी अट त्यांनी घातली नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे आल्या तेव्हा आपलं सोवळं घेऊन आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. प्रचाराचं काम करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात बायको त्याच्या हातचं खात नाही, आणि तो ते चालू देतो! मिशनच्या आवारात हे सोपं गेलं नसणार. दुसरा कोणी असता तर हुकूम सोडला असता. त्या काळी नवऱ्याचा तो हक्कच मानला जाई. टिळकांसारख्या रागीट माणसाने इथे मात्र धीर धरला. मी त्यांचा सगळ्यात मोठा उपदेश कुठला मानत असेन तर हा. जातीची बंधनं माणसाने केली, देवाने नव्हे, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्याच विचाराने पटलं. सोवळं आधी सुटलं, बाप्तिस्मा नंतर, 1900 साली.

त्याच सुमारास दुष्काळ पडला होता. टिळकांनी रस्त्यावरची अनाथ मुलं घरी आणली. पोरकी मुलं आणणारे टिळक, आणि त्यांच्या पोटात काय घालायचं याचा विचार करणाऱ्या लक्ष्मीबाई. हातात आलेले पैसे टिळक वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन मोकळे होत. महिना कसा काढायचा हा प्रश्न बाईंचा. या औदार्याचं कौतुक करताना त्याची किंमत कोणी मोजली हेही बोललं पाहिजे. नाहीतर आपण अर्धेच टिळक सांगतो. आणि तरीही, ताराला त्यांनी मुलगी म्हणून वाढवलं ते दोघांनी मिळून. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, त्यांच्या नगरच्या घरी राहिले, तेव्हा त्यांना गुरूबरोबर आईही मिळाली. पाहुणा यायचा टिळकांच्या नावावर आणि राहायचा लक्ष्मीबाईंच्या मायेवर.

1904 साली टिळकांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. त्यांचं चर्चमधलं काम मला एकाच गोष्टीने ओळखता येतं: मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांनी मराठीत गायला लावलं. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, टाळ घेऊन ख्रिस्ती कीर्तन केलं. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आजही रविवारच्या उपासनेत त्यांची गीतं म्हटली जातात, आणि म्हणणाऱ्या कित्येकांना कवीचं नावही ठाऊक नसतं. भक्तिगीताला याहून वेगळं भाग्य ते काय हवं?

1912पासून ते ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे भक्त तिथे एकत्र बसावेत, परदेशी पैशाच्या आणि परदेशी वेषाच्या आधाराशिवाय, हा त्यांचा ध्यास. साठीकडे झुकलेला माणूस, संसार पाठीशी, आणि निघाला संन्याशासारखा. लक्ष्मीबाईंना हे पेलायला किती जड गेलं असेल! नवऱ्याचा मार्ग बदलला की आपलं घर पुन्हा नव्याने मांडायचं, हे त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. त्यांनी याही वेळी केलं.

दरबाराला वेळ मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळक गेले. आपल्या देहाचं दहन करावं आणि रक्षा नगरला न्यावी, ही त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती पाळकाने त्या काळी अशी इच्छा सांगणं धाडसाचं होतं. शेवटपर्यंत त्यांना या मातीतलाच ख्रिस्ती व्हायचं होतं.

मागे ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. येशूचं चरित्र ओवीत सांगायला त्यांनी घेतलं होतं. दहा-अकरा अध्यायांपाशी लेखणी थांबली. जिला टिळकांनी अक्षरं शिकवली, जोडाक्षरं ज्या बाईला आयुष्यभर अडवत राहिली, तिने ते काम हाती घेतलं. एकदोन नाही, 64 अध्याय लिहिले. मुलगा देवदत्त वडिलांच्या आठवणी मागत होता म्हणून ‘स्मृतिचित्रे’ही लिहायला घेतली. त्यांचा चौथा भाग पुरा व्हायच्या आधी, 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ 1938 साली छापून आलं. तुमच्या गावच्या ग्रंथालयात ते असेल तर जरूर काढून वाचा, आणि टिळकांचे अध्याय कुठे संपतात तिथे वाचन थांबवू नका.