गवसणीतला तंबोरा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते तंबोऱ्याबद्दल. घरी तो लावायचा कसा, छेडायचा कसा आणि सांभाळायचा कसा, याबद्दल.

महाराष्ट्रात असा तंबोरा पुष्कळ घरांत आहे. आजीचा असतो, कुणा आत्याचा असतो, गवसणीत गुंडाळून कपाटामागे ठेवलेला. कुणीतरी कधीतरी वाजवून पाहिलेला असतो, तेव्हा तो थडथड बोलला किंवा बोललाच नाही, आणि "बिघडला" असं ठरवून परत ठेवून दिलेला असतो. खरं सांगायचं तर अशा दहा तंबोऱ्यांतले बरेचसे बिघडलेले नसतातच. तारा गंजलेल्या असतात, जवारीचा, म्हणजे तारेखाली घालून झंकार आणायचा, दोरा गळून गेलेला असतो, खुंट्या कोरड्या पडलेल्या असतात. एका सुट्टीच्या दिवशी बसून घरी करता येण्यासारखं हे काम आहे.

तर आधी गवसणी काढा आणि तंबोरा उजेडात आडवा ठेवा. भोपळ्याखाली कापडाची चुंबळ घाला, म्हणजे तो गडगडणार नाही. आता तीन गोष्टी पाहा. पहिली, दांडी आणि भोपळा जिथे जोडलेत तो भाग. त्याला गुलू म्हणतात. तिथे चीर दिसते का, हाताने हलकेच दाबल्यावर कुरकुरतं का? दुसरी, भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी तबली. ती बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करून पाहा. सगळीकडे साधारण सारखा, भरीव नाद आला पाहिजे. एखाद्या कडेला फटफटीत किंवा झणझणीत आवाज आला, तर तिथला सांधा सुटलाय. तिसरी, भोपळ्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्याखाली पिवळसर भुकटी. ही किडीची खूण. या तिन्हींपैकी काही असेल तर तारा चढवू नका, तो तंबोरा कारागिराकडेच गेला पाहिजे. काही नसेल तर पुढचं सगळं तुमच्या हातात आहे.

कारागीर म्हटलं की मिरजेचं नाव येतंच. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं करायला घेतली. फरीदसाहेबांचं नाव त्यांत पहिलं घेतात, आणि पुढे काही घरांचं आडनावच सतारमेकर झालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले. 1937 मध्ये ते गेले, त्यांची कबर तिथेच मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. वाद्याची जवारी स्वतःच्या हाताने लावणारा गवई अशी त्यांची ख्याती होती. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. खाण्याचा भोपळा तो नव्हे. हा कडू, जाड सालीचा, वेलीवर पूर्ण पिकवून वाळवलेला.

आता तारा. तंबोऱ्याला चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे मध्य षड्जाच्या, आणि चौथी खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. जोडीच्या पोलादी, खर्ज पितळेचा. पुरुषांच्या पट्टीच्या, काळी एकच्या (पेटीवरची पहिली काळी पट्टी) आसपास लावायच्या मोठ्या तंबोऱ्याला जोडीची तार साधारण 0.30 मिलीमीटर, पंचमाची 0.40 च्या आसपास आणि खर्ज 0.60 ते 0.70. बायकांच्या पट्टीच्या, काळी चार-पाचच्या तंबोऱ्याला जोडीची 0.28 किंवा थोडी बारीक, खर्ज 0.50 च्या जवळपास. दुकानात "तंबोऱ्याच्या तारा द्या" एवढंच सांगू नका. कुठल्या पट्टीला लावणार ते सांगा. मोठा तंबोरा ओढूनताणून काळी चारला नेला, तर तार टिकली तरी तबलीवरचा दाब दुपटीहून वाढतो, आणि काही महिन्यांत तबली घोडीखाली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या ठोकळ्याखाली, खचायला लागते. तंबोरा ज्या पट्टीसाठी केलाय, तिच्यापासून एखाद-दीड सुरापलीकडे वर नेऊ नये.

तारा बदलताना एक नियम कटाक्षाने पाळा. एका वेळी एकच तार काढायची. चारही एकदम सोडल्या तर घोडी जागची हलते, कारण बऱ्याच तंबोऱ्यांत ती नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते. सुरुवातीलाच घोडीच्या पायांभोवती पेन्सिलीने हलकी रेघ काढून ठेवा. नवी तार घेताना टोकाला लहान फास करा, सहा-सात घट्ट पीळ द्या आणि तो खाली लंगोटाच्या, म्हणजे भोपळ्याच्या बुडाशी असलेल्या पट्टीच्या, खिळ्यात अडकवा. मग तार मण्यातून ओवा, सूर बारीक मिळवायला तो पुढे लागतो. मणी इथेच ओवायचा. तार खुंटीपर्यंत नेऊन ताणली आणि मणी हातातच राहिला, असं पहिल्यांदा तारा बदलणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं होतं. मण्यातून घोडीवरून, दांडीवरून वर अटीवर, म्हणजे तारा टेकायच्या आडव्या पट्टीवर, तिथून तारगहनाच्या, म्हणजे पलीकडच्या भोकांच्या पट्टीच्या, भोकातून खुंटीला. खुंटीवर तीन-चार वेढे पुरतात. पितळेच्या तारेला कुठे मुरड पडू देऊ नका. मुरडलेली पितळी तार सरळ करून लावली, तरी नेमकी तिथेच तुटते. नवी तार पहिले दोन-तीन दिवस उतरतच राहते, त्यात काही चूक नाही.

खुंटी घसरत असेल तर काढून तिला खडू चोळा. जाम झाली असेल तर कोरडा साबण. दोन्ही अगदी थोडं. तेल मात्र कधीही नाही. तेल लाकडात मुरलं की ती खुंटी पुन्हा धरत नाही.

आता तंबोरा लावू. चारही मणी घोडी आणि लंगोट यांच्या साधारण मध्यावर आणून ठेवा, म्हणजे दोन्हीकडे सरकवायला जागा राहते. आधी जोडीतली एक तार खुंटीने षड्जाला आणा. पेटी, स्वरपेटी, मोबाइल, कशावरूनही सूर घ्या. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवा. मग दुसरी जोडीची तार पहिलीला मिळवा, पेटीला नव्हे. दोन्ही एकदम छेडल्या की आवाजात हेलकावे ऐकू येतात, वंव-वंव-वंव असे. सेकंदाला दोन हेलकावे म्हणजे दोन तारांत दोन कंपनांचा फरक. सूर जवळ येईल तसे हेलकावे लांबत जातात आणि शेवटी थांबतात. शेवटचा टप्पा मण्याने गाठायचा. मणी लंगोटाकडे सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. नंतर खर्ज जोडीला मिळवा, आणि सगळ्यात शेवटी पंचम.

काळी एकला जोड लावली, तर तिची कंपनं सेकंदाला 139 च्या आसपास आणि खर्जाची त्याच्या निम्मी, म्हणजे 69 च्या थोडी वर. खर्जाच्या एका तारेत तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सूर एकाच वेळी नांदत असतात. पाचवा सूर येतो 346 वर. तो आपला शुद्ध गंधार! तंबोरा नीट लागला की कुणी न गाता हा गंधार ऐकू येतो, तो असा. समान अंतराच्या स्वरांत लावलेल्या पेटीवर तोच गंधार 349 ला असतो, म्हणजे तीन कंपनांनी चढा. म्हणून गळ्यातला गंधार पेटीवर पक्का करू नये, तंबोऱ्यावर करावा. पेटीकडून षड्ज घ्यावा आणि तिथे थांबावं.

मालकंस रागात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमाला उतरवतात. मारवा, पूरिया, सोहनी यांना बहुधा निषादाला चढवतात. पंचमापासून निषाद पेटीच्या चार पट्ट्या वर आहे. म्हणजे तार जुनी असेल तर तुटण्याची तयारी ठेवून, सावकाश चढवा, चेहरा लांब ठेवून.

आता जवारी. तंबोऱ्याचा सगळा जीव इथे आहे, आणि घरोघरी सगळ्यात कमी लक्षही इथेच. घोडीचा वरचा भाग धारेसारखा नसतो, रुंद असतो आणि दांडीच्या बाजूला अगदी किंचित उतरता. तार कंप पावताना या उतरत्या पाठीला सारखी स्पर्श करते, सुटते, पुन्हा स्पर्श करते. त्या स्पर्शातून वरचे सूर जागे होतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीवर निबंध लिहिला. तार ज्या जागी छेडली तिथे जे उपस्वर यायलाच नकोत, तेही या घोडीमुळे ऐकू येतात, हे त्यांनी त्यात दाखवलं.

तारेच्या आणि घोडीच्या मधे दोरा घालतात तो हा स्पर्श नेमका करण्यासाठी. शिवणकामाचा साधा सुती दोरा चालतो. वीतभर लांबीचा तुकडा घ्या. तंबोरा आधी सुरात लावून घ्या, कारण ताण बदलला की दोऱ्याची जागाही बदलते. दोरा तारेखालून, घोडीच्या दांडीकडच्या बाजूने आत घाला. दोन्ही टोकं दोन हातांच्या चिमटीत धरा आणि घोडीच्या पाठीवर केसाकेसाने मागे, लंगोटाच्या दिशेने सरकवा. शेजारी कुणी असेल तर त्याला तार छेडत राहायला सांगा. सुरुवातीला आवाज आखूड आणि बसका असतो. मग एका जागी तो उमलतो, लांबतो, त्यात झंकार येतो. त्याच्या जरासं पुढे गेलात की पुन्हा मिटतो किंवा खरखरतो. उमलला तिथे थांबा. ही जागा चारही तारांची वेगवेगळी असते. घाई करू नका. पहिल्या वेळी एका तारेला दहा मिनिटं लागली तरी ती सत्कारणी लागली म्हणायची. टोकं फार लांब ठेवू नका, बोटभर ठेवून कापा.

दोरा कुठेही ठेवला तरी तार उमलत नसेल, तर घोडी तिरपी करून उजेडात पाहा. तारांखाली बारीक खाचा दिसतील. वर्षानुवर्षं घासून पडलेल्या. पूर्वी घोडीला हस्तिदंत, सांबरशिंग वापरत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी ते बंद झालं, आणि आता हाड, शिसव किंवा फायबर दिसतं. कशाचीही असो, तिला कानस लावणं हे घरी करायचं काम नाही. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी घासलं जायचं असतं, आणि जास्त घासलेलं परत येत नाही. कारागिराला तुमची पट्टी सांगा, तारा कुठल्या जाडीच्या आहेत ते सांगा, आणि जवारी खुली हवी की गोल तेही सांगा. खुलीत झंकार जास्त, गोलात आवाज भरीव आणि मृदू.

छेडण्याबद्दल थोडंसं. मधलं बोट पंचमाला, तर्जनी उरलेल्या तिन्ही तारांना. नख लागता कामा नये. बोटाच्या पेराची मऊ बाजू तारेवरून निसटून गेली पाहिजे, ओढून सोडायची नाही. हात घोडीजवळ नको, तारेच्या साधारण मध्याजवळ. चारही तारा एका वजनाने, आणि खर्जानंतर त्याला बोलायला किंचित सवड. तबल्याच्या लयीत तंबोरा छेडू नये. त्याची चाल स्वतंत्र, संथ आणि सारखी.

मग सांभाळणं. रियाझ झाला की कोरड्या मऊ कापडाने तारा पुसा. पोलादी तारेवर गंज धरला की ती सगळीकडे सारखी जाड राहत नाही, आणि मग किती लावा, ती जोडीला मिळतच नाही. लोक तासभर खुंट्या पिळत बसतात, पण दोष कानाचा नसतो, तारेचा असतो. वाद्याला स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचं द्रावण यांतलं काही लावू नका. पारंपरिक पॉलिश चपडा लाखेचं, म्हणजे स्पिरिटमध्येच विरघळवलेलं. स्पिरिट लागलं की ते बोटाला चिकटून निघून येतं.

पावसाळ्यात लाकूड आणि भोपळा दोन्ही दमट हवा पितात. खुंट्या फुगून अडकतात, तबली हलते, जवारी फिरते. कोकणात आणि मुंबईत हे जास्त. ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून तंबोरा ठेवू नका. गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून बदला. पाऊस उघडला, ऊन पडलं की गवसणी काढून त्याला घरातल्या घरात वारा लागू द्या, थेट उन्हात मात्र नको. उन्हाळ्यात उलट, खुंट्या आकसून घसरतात. बंद मोटारीत मे महिन्याच्या दुपारी ठेवलेल्या तंबोऱ्याचा सरस, म्हणजे सांधे चिकटवणारा डिंक, मऊ होतो आणि सांधा सुटतो. महिनोन्‌महिने वाजणार नसेल तर तारा दोनेक सूर उतरवून ठेवा, पूर्ण सैल करू नका. ठेवायचा तो आडवा, तबली वर करून, भोपळ्याखाली चुंबळ. कोपऱ्यात उभा केलेला तंबोरा एखाद्या केरसुणीच्या धक्क्यानेही घसरतो, आणि फुटलेला भोपळा जोडला तरी तो नाद पुष्कळदा पूर्वीसारखा राहत नाही.

दुरुस्तीला नेताना घोडी आणि तबली यांवर दुपदरी टॉवेल बांधा, आणि मणी एका जागी चिकटपट्टीने धरू नका, पॉलिश उखडतं. ते तारांवरच सरकवून घोडीजवळ आणून ठेवा. जुना दोराही काढून टाकू नका. तो कुठे होता, हे पाहून कारागिराला घोडीची पाठ वाचता येते.