चर्चच्या छपराचा खर्च कोणी करायचा?

९ डिसेंबर १९०५ रोजी फ्रान्सने धर्म आणि शासन यांची फारकत करणारा कायदा केला. शासन कोणत्याही धर्माला मान्यता, वेतन किंवा अनुदान देणार नाही, असे त्याचे दुसरे कलम सांगते. तरीही त्या देशातील हजारो जुन्या चर्चची छपरे आज सार्वजनिक पैशातून दुरुस्त होतात, आणि याचे कारण इमारतींच्या मालकीत आहे.

चर्चची व्यवस्था पाहण्यासाठी भाविकांनी संस्था स्थापन कराव्यात, अशी या कायद्याची अपेक्षा होती. पोप दहावे पायस यांनी त्याला विरोध केल्यामुळे कॅथलिकांनी त्या स्थापन केल्या नाहीत; परिणामी १९०५ पूर्वीची बहुतेक गावोगावची चर्च कम्यूनच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्तरावरील स्थानिक संस्थेच्या, मालकीची झाली आणि बहुतेक कॅथेड्रल शासनाकडे राहिली. १९०८ मध्ये कम्यूनना स्वतःच्या चर्चच्या देखभालीवर खर्च करण्याची मुभा मिळाली. या खर्चात भिंत, छप्पर आणि पन्हळ बसते, धर्मगुरूचे वेतन बसत नाही. ही सीमारेषा आम्हाला न्याय्य वाटते, कारण उपासना भाविकांची असली, तरी गावाचा इतिहास सांगणारी ती वास्तू कधीही प्रार्थनेला न जाणाऱ्यांचीही आहे.

मात्र मुभा असली, तरी हाती पैसा असतोच असे नाही. निम्म्याहून अधिक कम्यूनची लोकसंख्या ५०० पेक्षा कमी आहे. संरक्षित स्मारकांना शासनाचे साहाय्य मिळते. यादीबाहेरच्या चर्चचा भार मुख्यतः गावावरच पडतो. आबेव्हिल येथील एकोणिसाव्या शतकातील सँ-झाक चर्च असेच यादीबाहेर होते. ते धोकादायक झाले आणि २०१३ मध्ये पाडावे लागले.

अशा ऱ्हासाची सुरुवात बहुधा पाण्यापासून होते. पन्हळीत पाने साचली की पाणी भिंतीत मुरते, सांध्यांतला चुना धुऊन जातो आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके, जी खालून कोणालाच दिसत नाहीत, आतल्या आत कुजू लागतात. शिडी लावून काही तासांत होणारे काम टळत गेले, तर पुढे संपूर्ण छप्पर उतरवावे लागते. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला लागलेल्या आगीनंतर ८४ कोटी युरोंहून अधिक देणग्या जमल्या, याचा आनंदच आहे. पण पन्हळ साफ करण्यासाठी देणगीदार पुढे येत नाहीत, म्हणूनच तिथे सार्वजनिक पैसा नियमितपणे पोहोचायला हवा.

नेदरलँड्समध्ये १९७३ पासून ‘मोन्युमेंटेनवाख्त’ ही संस्था हेच काम करते. तिचे निरीक्षक जुन्या वास्तूंची ठरावीक काळाने पाहणी करतात, लहान दुरुस्त्या जागेवरच उरकतात आणि मालकाला पुढील कामांचा लेखी अहवाल देतात. मालक वर्गणी भरतात, प्रांतिक सरकारे अनुदान देतात. जीर्णोद्धाराला मोठे अनुदान देणाऱ्या प्रत्येक शासनाने त्याच मंजुरीपत्रात पुढील वार्षिक पाहणीची तरतूद आणि तिची जबाबदारी नोंदवावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.