ऊसतोडीला जाण्याआधी विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. हे धोरण ठरवताना अडीच लाख ग्रामपंचायती, ६,६०० विकासगट, ६,००० नागरी स्थानिक संस्था आणि ६७६ जिल्ह्यांतून दोन लाखांहून अधिक सूचना आल्या, असं तेव्हा सरकारने सांगितलं. इतक्या खालपर्यंत जाऊन विचारायचं ठरलं, याचं मला शिक्षिका म्हणून मनापासून समाधान आहे. पण हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका ग्रामपंचायतीमागे सरासरी एखादीच सूचना पडते. आपल्या बीड, जालना, हिंगोलीतल्या गावांना सांगण्यासारखं एवढंच होतं का?

मला वाटतं, अडचण वेळेची आहे. या धोरणासाठी नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीचा ४८४ पानांचा मसुदा ३१ मे २०१९ ला सादर झाला. सुरुवातीला तो इंग्रजी आणि हिंदीत होता. सूचनांसाठी ३० जूनची मुदत होती, ती पुढे ३१ जुलैपर्यंत वाढली. मराठवाड्यात जून-जुलै म्हणजे पेरणी. त्या साली तर आधीच्या दुष्काळाने लोक टँकरच्या मागे धावत होते. मग २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला तो मे महिन्यात, शाळांना सुटी असताना. पालकांना बोलवायला शाळाच उघडी नव्हती.

आणि ऊसतोड कामगारांचं काय? दसरा झाला की मुकादमाकडून, म्हणजे मजूर ठरवणाऱ्याकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली जोडपी गाडीत बिऱ्हाड भरतात आणि पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. परत येतात ती गुढीपाडव्याच्या सुमारास. २६ जानेवारीला ग्रामसभा भरते तेव्हा तांड्यावर म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली थोडी लेकरं असतात. ज्यांच्या लेकरांचं शिक्षण दरवर्षी मधेच तुटतं, त्यांच्याशिवाय शिक्षणाची चर्चा उरकते. मुलांना मागे ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, सोबत गेलेल्या मुलांना तिथल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. पण वसतिगृह कधी सुरू व्हावं, मुलगी तिथे राहिली तर रात्री तिच्याजवळ कोण असावं, हे त्या आईइतकं नेमकं कोण सांगणार?

विचारायची रीतही पाहायला हवी. 'पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान याबाबत आपले मत' असं पत्रक पालकसभेत वाचलं, की सगळे खाली बघतात. आमच्या सभेत मी तेच वेगळं विचारलं : 'तुमच्या लेकराला तिसरीच्या पुस्तकातलं एक पान न अडखळता वाचता येतं का?' मागे बसलेली एक आई लगेच म्हणाली, 'जाताना येत होतं बाई, कोपीवरून आल्यावर अर्धं विसरलं.' कोपी म्हणजे फडाजवळची तात्पुरती झोपडी. मग एकीमागून एक बोलत्या झाल्या. तासाभराने एक मागणी पुढे आली : परतलेल्या मुलांसाठी उन्हाळ्यात वेगळे वर्ग हवेत. धोरणाच्या कागदावर जायला हवं ते हे.

भाषेचंही तसंच. शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं, असं धोरण सांगतं. आता घरी आईला 'याडी' म्हणणारं बंजारा तांड्यावरचं लेकरू पहिलीत येतं, तेव्हा पुस्तकातली मराठी त्याच्यासाठी नवी असते. तिथे गोरबोली, म्हणजे बंजारांची बोली, जाणणारी मदतनीस द्यायची का, हा तांड्याला विचारायचा प्रश्न आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचंही तसंच. पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असा शिक्षण हक्क कायद्याचा निकष आहे. पण मधला ओढा पावसाळ्यात किती दिवस अडवतो, ते नकाशावर दिसत नाही.

यासाठी नवीन यंत्रणा उभी करायला नको. याच शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा म्हणतो. पुष्कळ ठिकाणी ती सह्यांपुरती उरली आहे, आणि याचं मला फार वाईट वाटतं. सल्लामसलतीचा पहिला कागद या समितीपुढे, सोप्या मराठीत यायला हवा. आलेल्या सूचनांपैकी काय घेतलं, काय सोडलं आणि का, हेही गावाला लेखी कळायला हवं. उत्तर मिळत नाही असं दिसलं, की पुढच्या वेळी माणसं येत नाहीत.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. समितीची बैठक ऑगस्टच्या सुरुवातीलाच घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना आदल्या संध्याकाळी घरी जाऊन सांगा, बैठक त्यांच्या सवडीने रात्री ठेवा. ठरेल ते १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. नक्कल गटशिक्षणाधिकारी कार्यालयात देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. २ ऑक्टोबरच्या सभेत त्याचं उत्तर मागा. तोपर्यंत गाड्या निघालेल्या नसतात.

नमस्कार.