तीन वेळा लंगडला, चौथ्यांदा पळाला

नमस्कार श्रोतेहो. आज गोष्ट इंडियानातल्या नोटर डेम कॉलेजच्या १९१३ सालच्या फुटबॉल हंगामाची. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, लंबगोल चेंडू हातात धरून पळायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. एवढं लक्षात ठेवा, पुरे.

१९०६ पर्यंत चेंडू पुढे फेकायला बंदी होती. सगळे घोळक्याने घुसायचे, चेंगराचेंगरी व्हायची. १९०५ च्या हंगामात पोरं जिवानिशी गेली. मग फेकायची मुभा मिळाली, पण जाचक अटींसह. १९१२ मध्ये फेकीवरची २० यार्डांची मर्यादा उठली आणि चेंडूची कंबर, म्हणजे मधला घेर, २७ इंचांवरून २३ च्या आसपास आली. ही कंबर विसरू नका. जाड चेंडू पंजात मावत नाही, तळव्यावरून ढकलावा लागतो, हवेत डुलतो. बारीक चेंडूच्या शिवणीवर बोटं बसतात, सोडताना फिरकी देता येते, आणि फिरता चेंडू सरळ जातो.

   

१९१३ च्या उन्हाळ्यात ईरी सरोवराकाठी सीडर पॉइंटला नोटर डेमचे दोघे मित्र नोकरीला होते: चेंडू फेकणारा गस दोरे आणि कर्णधार कनूट रॉकनी. काम संपलं की वाळूत सराव. तोवर झेलणारा थांबून उभा राहायचा आणि चेंडू पोटाशी कवटाळायचा. पोटावर आदळलेला चेंडू उसळतो, आणि थांबलेला माणूस लगेच आडवा होतो. रॉकनी पळता पळता, हात सैल ठेवून, बोटांच्या टोकांवर झेलायला शिकला. पळता पळता, आणि हात सैल.

१ नोव्हेंबरला न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट पॉइंटला, लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाशी सामना. पोरं रेल्वेने निघाली, सोबत सँडविचची शिदोरी. लष्करवाल्यांना वाटत होतं, ही आडगावची पोरं सरळ अंगावर येतील, म्हणून ते मधोमध दाटीने उभे राहिले.

आता ऐका. रॉकनी पुढे स्वतः सांगायचा तो प्रसंग. एका झटापटीतून तो लंगडत बाहेर आला. दोरेने पुढचे तीन चेंडू प्लिस्का नावाच्या दुसऱ्या गड्याकडे फेकले, छोटे छोटे. तिन्ही वेळा रॉकनी आपला लंगडत लंगडत पुढे जायचा, चेंडूशी जणू देणंघेणंच नाही. त्याच्यावर नजर ठेवणारा कॅडेट पहिल्या वेळी सोबत पळाला, हळूहळू सैल पडला, आणि शेवटी रॉकनीच्या तोंडासमोर जांभई द्यायचाच बाकी राहिला! चौथ्यांदा रॉकनी दोन पावलं लंगडला आणि सुसाट सुटला. कॅडेट जागच्या जागी. दोरेचा चेंडू ४० यार्ड हवेतून आला, रॉकनीने धावतच घेतला आणि मैदानाच्या टोकाची रेषा पार केली, म्हणजेच टचडाउन. ना धक्का, ना ढकलाढकली, कुणी अंगाला हातही लावला नाही. प्रेक्षक चकित! असं टचडाउन त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मध्यंतराला मात्र १४–१३, नोटर डेमची जेमतेम एका गुणाची आघाडी. पुढे फेकीच्या धास्तीने लष्करवाले पांगले, आणि पांगले म्हणून मधली वाट मोकळी झाली. तिथून नोटर डेमचा धिप्पाड आयकेनलाउब घुसला. घोळका झाला की फेक, पांगापांग झाली की घुसखोरी. शेवट ३५–१३. दोरेच्या १७ फेकींपैकी १४ झेलल्या गेल्या, २४३ यार्ड.

तरी फेकीचा शोध यांचा नव्हे. सेंट लुइसच्या संघाने १९०६ मध्येच ती वापरली होती, फक्त न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी ती पाहिली नव्हती.

बाकीचा हंगाम झटपट सांगतो. ओहायो नॉर्दर्न ८७–०, साउथ डकोटा २०–७, अल्मा ६२–०. लष्करानंतर पेन स्टेट १४–७, ख्रिश्चन ब्रदर्स २०–७, आणि २७ नोव्हेंबरला टेक्सास ३०–७. सातही सामने खिशात. नमस्कार.