सल्लागार गेल्यानंतरचा कारखाना

(इचलकरंजी येथे यंत्रमागधारक आणि वस्त्र-अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

कारखाना सुधारता येतो का, हा प्रश्न आता जुना झाला. येतो, आणि पाच महिन्यांत येतो. त्याचा पुरावा परदेशात शोधायला नको, मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगावच्या विणकाम कारखान्यांत तो जमा झाला आहे. मला आज बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या प्रश्नावर. सुधारलेला कारखाना सुधारलेलाच राहतो का? राहत नसेल तर आधी काय निसटतं, आणि कोणाच्या हातून?

हे बोलायला इचलकरंजीइतकं योग्य ठिकाण नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला. त्यामुळे ताणा-बाणा, बीम, ताका, मेंडिंग हे शब्द मला समजावून सांगावे लागणार नाहीत.

आधी तारापूरची हकीकत. २००८ साली निकोलस ब्लूम, जॉन रॉबर्ट्स, डेव्हिड मॅकेन्झी, अप्रजित महाजन आणि बेन आयफर्ट या अर्थतज्ज्ञांनी तिथे एक प्रयोग सुरू केला. प्रश्न साधा होता: व्यवस्थापन सुधारलं तर उत्पादन खरंच वाढतं का, की चांगल्या चाललेल्या कारखान्यांचं व्यवस्थापन आपोआपच चांगलं दिसतं? नुसतं निरीक्षण करून हे कळत नाही. म्हणून औषधाची चाचणी घेतात तशी त्यांनी कारखान्यांची चाचणी घेतली. ६६ कंपन्यांशी बोलणी झाली, ३४ जणांनी रस दाखवला आणि शेवटी १७ कंपन्या स्वतःचा वेळ द्यायला तयार झाल्या. सगळ्या कुटुंबाच्या मालकीच्या, सरासरी पावणेतीनशेच्या आसपास माणसं कामाला असलेल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीच्या लोकांनी दोन्ही गटांत महिनाभर तपासणी केली. पहिल्या गटात ते पुढे आणखी चार महिने राहिले आणि रोज हाताला धरून बदल करून घेतले. दुसऱ्या गटाला तपासणीनंतर सोडून दिलं, कारण तुलना करायला कोणीतरी हवं होतं. मालकांना हा सल्ला फुकट मिळाला. बाजारात तोच घ्यायचा तर एका कारखान्याला अडीच लाख डॉलरच्या घरात खर्च आला असता.

त्यांनी ३८ पद्धतींची यादी केली होती. यादी वाचून तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? मागाची देखभाल बिघाड व्हायच्या आधी करायची. माग का थांबला ते लिहायचं. दोष कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत आणि कुठल्या प्रकारचा निघाला ते लिहायचं. सूत किती आलं, किती गेलं, किती शिल्लक आहे ते लिहायचं. सुटे भाग ठरलेल्या जागी, नाव लावून ठेवायचे. एवढंच. पण प्रयोगाआधी या ३८ पैकी जेमतेम चौथा हिस्सा पद्धती वापरात होत्या. सूत पोत्यांत भरून ओलीला पडलेलं, वर ना लॉट नंबर ना रंगाची चिठ्ठी. त्यामुळे आत नेमकं काय आहे ते माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून पुन्हा नवीन सूत खरेदी.

आता तपासणीच्या टेबलाशी जरा थांबू या, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथे आहे. काचेखाली दिवा लावलेला असतो, वरून ताका सरकत असतो. गाठ दिसली, तुटका धागा दिसला, तेलाचा डाग दिसला की तिथे खूण होते. मग चिमटा आणि सुई घेऊन कुणीतरी तो दोष दुरुस्त करत बसतं, हेच मेंडिंग. तारापूर-उंबरगावच्या या कारखान्यांत एकूण मनुष्यबळाचा जवळजवळ पाचवा हिस्सा याच कामात अडकला होता. पाचातला एक माणूस इतर चौघांनी केलेलं निस्तरायला! हे काम डोळ्यांचं आणि चिकाटीचं आहे, करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण दोष दुरुस्त झाला की त्याची आठवणही पुसली जायची. तो अमुक मागावरून आला, मागच्या आठवड्यातही त्याच मागावरून आला होता, ही गोष्ट टेबलावरून खात्यात परत जातच नव्हती. काही ठिकाणी नोंद व्हायची, पण ती गिऱ्हाइकाची तक्रार आली तर दाखवायला. वही भरली की कपाटात जायची.

सल्लागारांनी केलं ते इतकंच की ही वही कपाटातून बाहेर काढली. दोषांची नोंद मागवार लिहायला लावली, तिचा आलेख काढला आणि रोज सकाळी मॅनेजर, देखभालीची माणसं आणि विणकाम खात्याचे प्रमुख यांना त्या आलेखासमोर उभं केलं. कालचे सर्वांत जास्त दोष कुठून आले? त्या मागाचं आज काय करायचं? एवढ्या बोलण्यावर पुढे दोष चाळीस टक्क्यांहून जास्त घटले, सुताचा साठा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झाला आणि पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी आणखी कारखाने काढले. उत्पादकतेतली वाढ नवीन माग घेऊन झालेली नाही. माग तेच होते.

मग हे आधी का केलं नाही, असं संशोधकांनी मालकांना विचारलं. आळस किंवा पैशाची चणचण हे मुख्य उत्तर नव्हतं. काही पद्धती त्यांना ठाऊकच नव्हत्या. ज्या ठाऊक होत्या त्यांच्याबद्दल मालक म्हणत, आमचा माल शेजारच्यापेक्षा वाईट नाही, धंदा नफ्यात आहे, मग दोष मोजायचे कशाला? दोष मोजलेच नाहीत तर आपला माल कुठे आहे ते कळत नाही, आणि कळत नाही म्हणून तो बरा वाटतो. या चक्रातून माणूस स्वतःहून बाहेर पडत नाही. शेजारीही त्याच चक्रात असेल तर नाहीच नाही.

आणखी एक निष्कर्ष आपल्याला फार जवळचा आहे. या कंपन्यांत कारखाने किती असावेत हे बाजारपेठेवर ठरत नव्हतं. ते ठरत होतं घरात कर्ते पुरुष किती यावर. भाऊ दोन, तर कारखाने दोन. बाहेरच्या माणसाच्या हाती खरेदी किंवा पैशाचा निर्णय द्यायचा नाही, कारण त्याने फसवलं तर कोर्टात वर्षानुवर्षं जाणार. (मुली आणि सुना या हिशेबात धरल्याच जात नव्हत्या. निम्मं घर बाहेर ठेवून माणसं कमी पडतात म्हणणं मला पटत नाही, आणि हे मी इथेही म्हणतो.) पण रोजचे आकडे समोर यायला लागल्यावर एक गोष्ट घडली. मालकांनी मॅनेजरांना जास्त निर्णय घेऊ दिले. साहजिक आहे. आकडा दिसतो तिथे विश्वास टाकायला धीर येतो. वही म्हणजे संशयाचं साधन असं आपल्याकडे मानतात. इथे तिच्यामुळे संशय कमी झाला.

इथवरचं संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं. बहुतेक अहवाल इथेच संपतात. पण यातले काही संशोधक २०१७ मध्ये, प्रयोगानंतर नऊ वर्षांनी, त्याच कारखान्यांत परत गेले. मला या माणसांबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या परत जाण्यामुळे. आपलं गाजलेलं काम टिकलं नसेल तर ते जगासमोर येणार, हे ठाऊक असूनही ते गेले.

काय दिसलं? प्रयोगातल्या कारखान्यांनी स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. पण तुलनेच्या गटापेक्षा ते अजूनही बरेच पुढे होते. एका मालकाच्या एका कारखान्यातून त्याच्याच दुसऱ्या कारखान्यात बऱ्याच पद्धती पोचल्या होत्या. एका मालकाकडून दुसऱ्याकडे मात्र फारशा गेल्या नव्हत्या. आणि पद्धती का सुटल्या याची दोन कारणं पुन्हा पुन्हा सांगितली गेली: मॅनेजर बदलला, आणि मालकाला वेळ उरला नाही.

मॅनेजर बदलला, या दोन शब्दांत काय काय आहे ते बघा. सकाळी आलेखापाशी उभं राहायची सवय त्या माणसाच्या अंगात होती. कुठला आकडा बघून कोणाला हाक मारायची हे त्याला माहीत होतं. तो जाताना ते सगळं घेऊन गेला. नवीन माणसाला वही मिळाली, पण ती का भरायची ते कोणी सांगितलं नाही. तो काही दिवस भरतो, कोणी विचारत नाही असं दिसलं की थांबतो. आपल्याकडे दिवाणजी सोडून गेला की नेमकं हेच होतं, इथल्या प्रत्येकाने ते पाहिलं आहे.

याहून जुनं उदाहरण अहमदाबादचं आहे. १९५३ साली, कामाच्या जागी माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राईस कॅलिको मिलमध्ये आले. मिलचे प्रमुख गौतम साराभाई यांनी त्यांना बोलावलं होतं. मिलने स्वयंचलित माग घेतले होते, पण उत्पादन वाढेना आणि माल सुधारेना. राईसना दिसलं की एका खात्यात बारा प्रकारची कामं बारा प्रकारच्या माणसांत वाटली आहेत. विणकर वेगळा, बॅटरी (मागावरची बाण्याच्या कांड्यांची चकती) भरणारा वेगळा, तुटलेला ताणा जोडणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा. प्रत्येकाच्या वाट्याला मागांची संख्या वेगळी, त्यामुळे कोणाचं काम कोणाशी जुळत नव्हतं. बंद पडलेला माग कोणाचा, हे सांगता येत नव्हतं. राईसनी छोट्या गटांची कल्पना मांडली: एका गटाकडे ठरावीक माग, आणि त्या मागांचं सगळं काम त्या गटाचं. ही कल्पना कामगारांनी आणि सुपरवायझरांनी लगेच उचलली आणि गट स्वतःच जुळवले. उत्पादन वाढलं, खराब माल घटला. पुढे १९७० मध्ये राईस यांचे टॅव्हिस्टॉकमधले सहकारी एरिक मिलर तिथे परत गेले. एका ठिकाणी गटपद्धत सतरा वर्षांनंतरही टिकून होती, बाकी ठिकाणी काम पुन्हा जुन्या वळणावर गेलं होतं.

दोन्ही ठिकाणी विणकामच, दोन्ही ठिकाणी लगेच सुधारणा, आणि दोन्ही ठिकाणी परत गेल्यावर काही टिकलेलं, काही गेलेलं. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. अहमदाबादला बदल माग चालवणाऱ्या माणसाच्या हातात दिला होता, तारापूरला तो मुख्यतः मालक आणि मॅनेजरच्या पातळीवर होता. आपल्या गावात तर मजुरी मीटरवर, पिकाच्या (म्हणजे विणलेल्या बाण्याच्या धाग्यांच्या) हिशेबाने. मीटरवर पैसे मिळणारा कामगार माग थांबवून दोष लिहील का? त्याने का लिहावा? लिहिला तर मीटर कमी, आणि वर खराब मालाची कपात त्याच्याच माथी. नोंद करणाऱ्याचं नुकसान होत असेल तर ती नोंद एकतर होणार नाही किंवा खोटी होईल. म्हणून दोष घटल्याने जो पैसा वाचतो त्यातला वाटा माग चालवणाऱ्याला, मागांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरला, ताण्याचे धागे फणीत ओवणाऱ्या वहिफणीवाल्याला आणि मेंडिंगच्या बायकांना मिळाला पाहिजे. मी हे दयेपोटी म्हणत नाही. त्यांचं डोळ्यात तेल घालून काम करणं हाच या सगळ्याचा पाया आहे, आणि त्याचे पैसे त्यांना मिळायलाच हवेत.

या प्रयोगांना मर्यादाही आहेत. १७ कंपन्या म्हणजे थोड्याच. त्या स्वतःहून तयार झालेल्या, म्हणजे आधीच उत्सुक. फुकट सल्ल्याला मिळालेलं यश विकत घेतलेल्या सल्ल्याला मिळेलच असं नाही. आणि आपल्या आठ-बारा साध्या मागांच्या खात्याला ३८ पद्धती पेलणार नाहीत. तिथे मी दोनच सांगेन: मागवार दोष आणि मागवार थांबण्याचं कारण. वहीचं एक पान पुरतं.

विद्यार्थ्यांसाठी माझ्याकडे एक काम आहे. शेवटच्या वर्षाला तुम्ही कारखान्यात प्रकल्प करता, मागाची कार्यक्षमता इतक्या टक्क्यांनी वाढवली असं लिहिता, अहवालाला कापडी बांधणी होते आणि तो ग्रंथालयात जातो. यंदा कोणीतरी नवीन प्रकल्प घेऊ नका. पाच वर्षांपूर्वीच्या बॅचचे अहवाल काढा, तेच कारखाने शोधा आणि तिथे जा. सुचवलेल्या बदलांपैकी आज किती चालू आहेत ते मोजा. जो बंद पडला तो कुठल्या महिन्यात बंद पडला आणि त्या वेळी खात्यातून कोण गेलं, ते विचारा. मालकाला विचारा, तसंच रात्रपाळीच्या जॉबरला वेगळं गाठून विचारा, कारण दोघांची उत्तरं जुळणार नाहीत आणि तुमच्या कामाचं बरंचसं त्या फरकात सापडेल. कुठले कारखाने घ्यायचे हे ठरवताना चांगले तेवढे निवडू नका, यादीतून चिठ्ठी टाकून काढा. यंत्रमागधारकांपैकी जे दार उघडायला तयार असतील त्यांनी सभा संपल्यावर इथेच नावं द्यावीत. वही मी बरोबर आणली आहे.