लॉग पुसला जाण्याआधी

(पडद्यावर: नोडचं टर्मिनल, फोल्डरांची यादी)

कुबर्नेटिसच्या नोडवरचं, म्हणजे क्लस्टरमधल्या एका मशीनवरचं, हे फोल्डर: /व्हार/लॉग/पॉड्स. कंटेनर जे छापतो, म्हणजे त्याचा लॉग, ते कंटेनरडी (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) इथल्या फाइलमध्ये लिहितो. डीफॉल्ट सेटिंग असेल तर फाइल 10 एमबीची झाली की क्यूबलेट (नोडवरचा कुबर्नेटिसचा एजंट) नवी सुरू करतो आणि एका कंटेनरच्या पाचच फाइली ठेवतो. लॉग दाखवणाऱ्या 'क्यूबसीटीएल लॉग्ज' या कमांडला त्यातली फक्त चालू फाइल दिसते. पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) हटवला की सगळंच गेलं.

(पडद्यावर: लॉगची एक ओळ, मोठी करून)

आधी वेळ, मग 'एसटीडीआउट' (कंटेनरचं नेहमीचं आउटपुट), मग एकटंच 'पी' हे अक्षर. 16 केबीहून लांब ओळ कंटेनरडी तोडतो. मधल्या तुकड्यांवर 'पी', शेवटच्यावर 'एफ'. लॉग गोळा करून पुढे पाठवणाऱ्या फ्लुएंट बिटच्या टेल इनपुटला (फाइल वाचणाऱ्या भागाला) 'सीआरआय' हा मल्टीलाइन पार्सर लावला की तुकडे सांधले जातात. जावाच्या स्टॅकट्रेसची (चुकीच्या अनेक ओळींच्या तपशिलाची) भानगड वेगळी: तिथे प्रत्येक ओळीवर 'एफ'च असतो, त्यामुळे मल्टीलाइन फिल्टर वेगळा लावावा लागतो.

(पडद्यावर: डीमनसेटची यामल फाइल)

डीमनसेट म्हणजे दर नोडवर एकेक पॉड चालवणारी व्यवस्था; तिच्यामुळे दर नोडवर एक फ्लुएंट बिट बसतो. क्लस्टरचा कारभार पाहणाऱ्या कंट्रोल प्लेनच्या नोडवर मात्र टॉलरेशन (तिथे चालायची परवानगी) दिल्याशिवाय पाय ठेवत नाही, आणि एपीआय सर्व्हर नेमका तिथेच चालतो. 'डीबी'ची ओळ बघा. कुठवर वाचून झालं याची नोंद या फाइलमध्ये राहते. ती होस्टपाथवरच, म्हणजे नोडच्या स्वतःच्या डिस्कवरच, हवी. पॉडच्या आत ठेवली तर पॉड नव्याने उभा राहताना नोंद पुसते. मग 'रीड फ्रॉम हेड' (फाइल सुरुवातीपासून वाचणं) चालू असेल तर जुन्या ओळी दुसऱ्यांदा जातात, बंद असेल तर मधल्या ओळी गळतात. पाठवायच्या ओळी थांबतात त्या बफरलाही 'फाइलसिस्टम' द्या. नुसत्या मेमरीवर ठेवलं तर लोकी (लॉग साठवणारा सर्व्हर) अडला की मेमरीची मर्यादा भरते, वाचन थांबतं आणि तेवढ्यात फाइल फिरून जाते.

(पडद्यावर: लोकीतले लॉग दाखवणारं ग्राफाना, लेबलांची यादी)

लोकी ओळीतल्या मजकुराचा नव्हे, लेबलांचा इंडेक्स करतो. म्हणून नेमस्पेस, अ‍ॅप, कंटेनर एवढी लेबलं पुरे. इथे रिक्वेस्ट आयडी लेबल केलाय. प्रत्येक आयडीला नवी स्ट्रीम, म्हणजे एकाच लेबलसंचाच्या ओळींचा नवा गट! स्ट्रीमची डीफॉल्ट मर्यादा 5000. ती ओलांडली की लोकी 429 हा एरर देऊन ओळी नाकारतो. आयडी ओळीतच राहू द्या, शोधताना 'पाइप-बरोबर' (|=) फिल्टर लावा.

लोकीत जुने लॉग पुसायची मुदत आपणहून लागू होत नाही. कंपॅक्टरमध्ये (लोकीच्या जुने लॉग पुसणाऱ्या भागात) 'रिटेन्शन एनेबल्ड' ट्रू करून 'लिमिट्स कॉन्फिग'मध्ये 'रिटेन्शन पीरियड' 24 तास किंवा जास्त लिहावा, नाहीतर स्टोरेज भरत राहतं.