मतं मे

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात मासुंदा तलावाकाठचं गडकरी रंगायतन तुम्ही पाहिलेलं असेल. ज्यांचं नाव त्या वास्तूला दिलंय, त्या राम गणेश गडकऱ्यांनी ‘राजसंन्यास’ लिहायला घेतलं होतं. १९१९ साली ते गेले, नाटक अपुरंच राहिलं. त्यातले संभाजीराजे विलासी आहेत. गडकऱ्यांनी हे पदरचं घातलं असं मला वाटत नाही. तेव्हा घरोघरी हेच ऐकायला मिळायचं. आम्हालाही गुरुजींनी फळ्यावर ‘व्यसनी आणि कोपिष्ट’ असं लिहून दिलं होतं. मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं. त्याची रुखरुख अजून जात नाही.

हे आलं कुठून? मोठा वाटा मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा. संभाजीराजांची हत्या झाली १६८९ मध्ये. बखर त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. आणि बखरकार कोण, तर शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या वंशातले. त्याच बाळाजींना संभाजीराजांनी १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून देहदंड दिला होता. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ठसठसणारं दुःख लेखणीत उतरणारच हो! चिटणिसांना मी बोल लावत नाही. आपण मात्र तेवढ्यावरच विसंबलो. ग्रँट डफने १८२६ साली इंग्रजीत मराठ्यांचा इतिहास छापला, तोही बखरींचा आधार घेऊनच.

मग वा. सी. बेंद्रे या कामाला लागले. वर्षानुवर्षं दप्तरं धुंडाळून, समकालीन कागद जुळवून त्यांनी १९६० मध्ये चरित्र लिहिलं. वढू बुद्रुकची संभाजीराजांची समाधीही त्यांनीच उजेडात आणली. पुढे कमल गोखले यांनी तो अभ्यास आणखी नेटाने केला. मोगल, सिद्दी, पोर्तुगीज यांच्याशी आठ-नऊ वर्षं झुंजणारा, ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा राजा आपल्याला दिसला तो या माणसांमुळे.

२०१७ मध्ये पुण्यात त्याच ‘राजसंन्यास’ नाटकावरून गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला. मला फार वाईट वाटलं. बेंद्र्यांनी कुणाचा पुतळा पाडला नव्हता.

१६८० सालचं एक संस्कृत दानपत्र आहे, नामदेवभट बाकरे यांना दिलेलं. त्यावर खुद्द संभाजीराजांचं हस्ताक्षर आहे. त्याचं छायाचित्र मिळालं तर जरूर बघा. सुरुवातीचे शब्द आहेत ‘मतं मे’, म्हणजे मला हे मान्य आहे.